टॉवेलच्या कारखान्यात व्हॉट्सॲप बंद करून मीटिंगचं सॉफ्टवेअर आणायचंय, कुठलं घ्यावं?

ताणाबाणा (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना आहे, तिथलं ऑफिस मी बघतो. मालक माणूस चांगला पण मागच्या महिन्यात मुंबईला एका प्रदर्शनाला जाऊन आले आणि तेव्हापासून रोज एकच, "लोकं कुठल्या कुठं गेली आणि आपण अजून व्हॉट्सॲपवर धंदा करलालोय." आता मला काम लावलंय की एक नीट सॉफ्टवेअर बघ, चॅट पण त्यातच, मीटिंग पण त्यातच, महिनाअखेरीला चालू झालं पाहिजे.

ऑफिसात आम्ही ९ जण, शेडवर जॉबर (लूम म्हणजे यंत्रमाग नीट चालू ठेवणारे) आणि सुपरवायझर धरून ६, डाइंग म्हणजे सूत रंगवणं बाहेर करून घेतो तिथला मास्टर, मुंबईला ऑर्डरी सांभाळणाऱ्या एक मर्चंडायझर मॅडम आणि एक्स्पोर्टचे कागद बघणारा एजंट. झाले १८. आणि या १८ माणसांचे व्हॉट्सॲप ग्रुप ११! त्यातल्या तीन ग्रुपात तर माणसं तीच, नावं फक्त वेगळी. कोण कुठल्या ग्रुपात काय बोलला ते शोधण्यात माझी दुपार जाते.

रोज सकाळी साडेदहाला झूम असतं. फुकटातलं असल्यामुळं ४० मिनिटांनी तुटतं, मग सगळे परत जोडले जातात, मग परत "आवाज येतोय का, माझा आवाज येतोय का" यात सात मिनिटं. शेडवरची माणसं घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी-हिंदी मिक्स, इंग्रजी ॲप दिलं तर उघडणारच नाहीत. आणि मागं लूम चालू.

टीम्स, स्लॅक, मीट, झोहो, काय घ्यावं? कुणी छोट्या कारखान्यात वापरलंय का?

सातरस्ता (सोमवार, रात्री ९:५२)

सोलापुरात धागा काढायला टॉवेलवाल्याला शिकवायची गरज नाही हे सिद्ध झालं :)

मालकाला परत प्रदर्शनाला पाठवू नका एवढाच सल्ला.

वायरवाला (सोमवार, रात्री १०:३०)

मी हेच काम करतो (लोकांना बसवून देणे, मग लोक वापरत नाहीत म्हणून शिव्या खाणे) म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक बघा, तुमच्या कंपनीचा ईमेल कुणाकडं आहे? गूगलचा पैसे भरून घेतलेला असेल तर मीट आणि चॅट दोन्ही त्यातच आहेत, तुम्ही पैसे आधीच भरलालाव आणि वापरत नाही. मायक्रोसॉफ्टचा असेल तर टीम्स बऱ्याच प्लॅनमध्ये येतं, घेताना नीट बघून घ्यायचं. निम्म्या गिऱ्हाइकांचा प्रश्न माझा इथंच संपतो आणि माझी फी पण.

फुकटातलं म्हणाल तर, झूम ४० मिनिटं हे तुम्हाला माहितीच आहे. गूगल मीट तीन किंवा जास्त माणसं असली की ६० मिनिटं. टीम्सचं फुकटवालं पण ६० मिनिटं. १०० माणसांपर्यंत तिन्ही घेतात, तो तुमचा प्रश्नच नाही. स्लॅक चॅटसाठी फार सुंदर आहे, विषयवार चॅनेल पाडायचे, एका निरोपाखाली त्याच्यावरचीच उत्तरं एकाखाली एक राहतात. पण फुकटात ९० दिवसांच्या मागचं दिसत नाही. आता तुमच्या धंद्यात ऑर्डर ते कंटेनर यातच तीन महिने जातात आणि बायरचा क्लेम येतो त्याच्या नंतर. म्हणजे भांडायच्या वेळेला नेमका पुरावा गायब. जित्सी नावाचं एक ओपन सोर्स आहे, पूर्वी खातं न काढता चालायचं, २०२३ पासून मीटिंग चालू करणाऱ्याला तरी लॉगिन करावं लागतं. बाकीचे लिंक दाबून येतात, जॉबर लोकांना ते बरं पडतं.

पण खरं सांगू का, तुमचं दुखणं सॉफ्टवेअरचं वाटत नाही. ११ ग्रुपचे ११ चॅनेल होतील, दुसरं काय.

कडकभाकरी (सोमवार, रात्री १०:४१)

"माझी फी पण" +१

आमच्याकडं टीम्स आहे. त्यात नावापुढं हिरवा ठिपका असतो, पाच मिनिटं माउस हलला नाही की पिवळा होतो. आमचे साहेब दिवसभर ठिपकेच बघत बसतात. मी चहाला उठताना पोराला सांगून जातो, बाबा अधूनमधून माउस हलव. पोरगं हुशार निघालं, एका रविवारी म्हणतंय की पगार कधी.

रंगारी (मंगळवार, सकाळी ७:१५)

ताणाबाणा, तुम्ही डाइंग मास्टर म्हणून लिहिलंय म्हणून बोलतो, मी त्याच लाइनीतला आहे. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या पण एक काम त्याच्यावर करू नका. रंगाची शेड (छटा) पास करणे.

आमच्याकडं चार वर्षांमागं झालेलं सांगतो. बायरला समुद्री हिरवा पाहिजे होता. आम्ही लॅब डिप (रंगवून बघितलेले नमुन्याचे तुकडे) काढले ए, बी, सी असे तीन. कुरिअरला दोन दिवस जातात, घाई होती, म्हणून पार्टीच्या बाईंनी व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. मी ट्यूबलाइटखाली तिन्ही तुकडे धरले, त्यांनी त्यांच्या लॅपटॉपवर बघितलं, "बी एकदम परफेक्ट" म्हणाल्या. मी विचारलं लेखी द्या. म्हणाल्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलंय की, रेकॉर्डिंग आहे. झालं. ६०० किलो सूत रंगवलं. माल विणून तयार झाला, पहिला टॉवेल बाईंच्या हातात गेला आणि फोन आला की हा हिरवा नाही हा निळाय.

चूक कुणाची? माझ्या फोनच्या कॅमेऱ्यानं ट्यूबलाइट बघून स्वतःच रंग ॲडजस्ट केला, नेटचा वेग कमी म्हणून चित्र दाबलं गेलं, त्यांच्या स्क्रीनचा ब्राइटनेस वेगळा, वरनं त्यांनी रात्रीचा पिवळा मोड लावलेला. एवढ्या चाळण्यांतून गेल्यावर समुद्र कुठं राहतो. रंग बघायचा तर डी६५ च्या (दिवसाच्या उजेडासारख्या) दिव्याखाली, पेटीत, हातात तुकडा घेऊन. कॉलवर बोलायचं असेल तर पॅन्टोनचा टीसीएक्स नंबर (कापडाच्या ठरलेल्या रंगांच्या यादीतला) बोला, रंग दाखवू नका. आणि रेकॉर्डिंग म्हणाल तर ते ऐकलं आम्ही, त्यात बाई "बी" म्हणाल्या का "डी" यावरच भांडण झालं. डी नावाचा तुकडाच नव्हता.

चहाटळ (मंगळवार, सकाळी ७:५८)

मास्तर ते रिजेक्ट झालेले टॉवेल कुठं मिळतील? आम्हाला निळा पण चालतो.

शेंगाचटणी (मंगळवार, सकाळी ९:२०)

मी जुळे सोलापुरातून पुण्याच्या कंपनीचं काम करते, पाच वर्षं झाली घरूनच. ताणाबाणा, तुमच्या १८ जणांत कुणी घरून जोडलं जाणारं असेल तर सकाळी साडेदहाची वेळ बदला असं सांगेन. कारण पाणी.

पुण्याच्या लोकांना हे समजावून सांगताना माझं वय वाढलं. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, कधी येईल ते नक्की नाही, आणि आलं की घरातलं माणूस कुठं का असेना, पळायचं. एकदा मी गिऱ्हाइकासमोर स्क्रीन शेअर करून बोलत होते, सात माणसं, त्यातले दोन परदेशातले, आणि खालून सासूबाई ओरडल्या "अगं पाणी आलंऽऽ". मी म्यूट नव्हते. आमचे मॅनेजर नागपूरचे, त्यांनी विचारलं सगळं ठीक आहे ना, कुणाला काही झालं का. मी सांगितलं हो, पाणी आलं. ते म्हणाले घरात शिरलं का? तेव्हापासून मी कॅलेंडरवर "पाणी" म्हणून वेळ अडवून ठेवते. टीममध्ये आता सगळ्यांना माहिती आहे, बंगळूरची एक मुलगी तर स्वतःच विचारते, आज वॉटर डे का.

जाता जाता, कॅमेरा चालू ठेवायची सक्ती करू नका. वीजच्या वीज जाते, डेटा जातो आणि माणूस मेटाकुटीला येतो.

होटगीरोडकर (मंगळवार, सकाळी १०:०५)

कॅमेऱ्याबद्दल असहमत. कॅमेरा बंद म्हणजे माणूस नाहीच. आमच्या एका मीटिंगला एक साहेब पाऊण तास हजर होते, शेवटी त्यांचं मत विचारलं तर घोरण्याचा आवाज. समोर चेहरा असला की माणूस जरा तरी लाजतो.

शेंगाचटणी (मंगळवार, सकाळी १०:१८)

लाजवायला पाऊण तासाची मीटिंग ठेवता का तुम्ही? ज्याला घोरायचंय तो कॅमेऱ्यासमोर पण घोरतो, डोळे उघडे ठेवून.

मास्तरीणबाई (मंगळवार, दुपारी १:३०)

कॅमेऱ्यावर दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. २०२१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेरेमी बेलेन्सन यांनी यावर लिहिलं होतं, या मीटिंगांनी माणूस एवढा का दमतो. त्यांनी चार कारणं दिली. सगळे चेहरे फार जवळून आणि सतत आपल्याकडे रोखलेले दिसतात. स्वतःचा चेहरा दिवसभर समोर असतो, म्हणजे कुणीतरी आरसा धरून मागं मागं फिरल्यासारखं. एका जागी बसून राहावं लागतं. आणि मान डोलावणं, हातवारे या साध्या खुणा मुद्दाम मोठ्या करून दाखवाव्या लागतात, समोरच्याच्या ओळखायला पण कष्ट. उपाय साधे आहेत, स्वतःची खिडकी लपवायची (ती सोय सगळ्यांत आहे) आणि चेहऱ्यांच्या चौकटी लहान करायच्या.

मी शाळेत आहे. लॉकडाऊनमध्ये पोरांना कॅमेरा लावा म्हणायची. एका मुलीनं कधीच लावला नाही. मी दोनदा रागावले. नंतर शाळा उघडल्यावर कळलं की विडी घरकुलात एका खोलीत सहा माणसं, आई मागं विड्या वळत बसलेली असायची, पोरीला ते दाखवायचं नव्हतं. त्यानंतर मी कुणाला कॅमेरा लाव म्हटलेलं नाही.

आणि आपल्या जिल्ह्याला यातलं काही कळत नाही असं कुणी म्हणू नका. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून रणजितसिंह डिसले गुरुजी पोरांना व्हिडिओ कॉलवरून देशोदेशी सहली घडवत होते, लॉकडाऊनचं नाव पण कुणी ऐकलं नव्हतं तेव्हापासून. २०२० च्या डिसेंबरात त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलर, आणि त्यातले अर्धे त्यांनी बाकीच्या नऊ जणांत वाटले. तो कार्यक्रमसुद्धा ऑनलाइनच झाला होता.

पेन्शनर_अण्णा (मंगळवार, संध्याकाळी ५:४५)

मास्तरीणबाई छान लिहिलंत.

आम्हाला तर स्काइप बंद झालं त्याचंच अजून वाईट वाटतं. मुलगी २००८ ला बाहेर गेली, तेव्हापासून दर रविवारी सकाळी साडेसातला स्काइप. हिला कम्प्युटर चालू करता यायचा नाही पण स्काइपची ती रिंग वाजली की स्वयंपाकघरातून हात पुसत यायची. कॉल तुटायचा, चेहरा गोठायचा, मुलगी अर्ध्या वाक्यात तोंड उघडं ठेवून अडकायची आणि ही म्हणायची "अगं मिट की तोंड". ५ मे २०२५ ला कायमचं बंद केलं. मुलीनं आता दुसरं काहीतरी घालून दिलंय, चित्र एकदम स्वच्छ दिसतं. रिंग तेवढी नाही.

वायरवाला (मंगळवार, संध्याकाळी ६:२०)

अण्णा, तुमच्याच जमान्यातलं अजून एक. अमेरिकेत १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात पिक्चरफोन दाखवला होता, चेहरा दिसणारा फोन. १९७० ला पिट्सबर्गमध्ये विकायला पण काढला. चालला नाही. महाग होता हे एक, पण लोकांना फोनवर आपलं तोंड दाखवायचंच नव्हतं. म्हणजे होटगीरोडकर विरुद्ध शेंगाचटणी हा सामना तेव्हाच होऊन गेलाय.

होटगीरोडकर (मंगळवार, संध्याकाळी ६:२४)

आणि २०२० ला मी जिंकलो की.

भजनी (मंगळवार, रात्री ८:५०)

अवांतर आहे पण विचारतो, जाणकार इथं आहेतच. आमचं भजनी मंडळ अजून महिन्यातून एकदा ऑनलाइन बसतं कारण चार जण पुण्या-मुंबईला गेलेत. अडचण अशी की टाळ वाजवला की आवाज गायब होतो, पेटीचा सूर लांब धरला की तोपण हळूहळू गायब. आणि सगळ्यांनी एकदम म्हटलं तर कुणाचा कुणाला मेळ नाही, अभंग संपल्यावर ठाण्याचे काका अजून दुसऱ्या चरणात.

वायरवाला (मंगळवार, रात्री ९:१५)

भजनी, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टाळ गायब होतो कारण सॉफ्टवेअरला बोलणं तेवढं हवं असतं, बाकी सगळं त्याच्या दृष्टीनं गोंगाट. लांब धरलेला पेटीचा सूर त्याला पंख्याची घरघर वाटते. झूममध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये संगीतासाठी "ओरिजिनल साउंड" म्हणून आहे ते चालू करा, तो गाळणं थांबवतो. पण मग हेडफोन पाहिजेच, नाहीतर आवाज फिरून घुमायला लागेल.

दुसरं मात्र सुटणार नाही. आवाज इथून तिथं जायला वेळ लागतो. बोलण्यासाठी एका बाजूला १५० मिलिसेकंदांपर्यंत चालतं, कळत नाही. पण एकत्र गायचं-वाजवायचं तर २५-३० च्या पुढं गेलं की ताल सुटायला लागतो. तुम्ही टाळ ऐकून टाळ वाजवता, ठाण्याचे काका तुमचा उशिरा आलेला ऐकून वाजवतात, तुम्ही त्यांचा अजून उशिरा. म्हणून लय संथ संथ होत जाते. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी म्यूटवर म्हणायचं. देवाला ऐकू जातं.

ताणाबाणा, हेच तुमच्या लूमला पण लागू. पंख्यासारखा एकसारखा आवाज तो चांगला गाळतो, लूमची खटखट त्याला जमत नाही, गाळायला गेला की जॉबरचा आवाज पण सोबत खातो. शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो, तिथं सॉफ्टवेअर काय करणार. तोंडाशी येणारी दांडी असलेला हेडसेट द्या, नाहीतर माणसाला बाहेर बोलवा. आणि एका खोलीत दोन फोनवरून एकच मीटिंग कधी लावू नका, एकाचा स्पीकर दुसऱ्याच्या माइकात जातो आणि ती शिट्टी सुरू होते.

कडकभाकरी (मंगळवार, रात्री ९:३०)

ती शिट्टी म्हणजे आमच्या मीटिंगचं राष्ट्रगीत आहे.

भाषेवरून आठवलं. आमच्यात कुणीतरी इंग्रजी कॅप्शन लावून ठेवले होते. आमचे सुपरवायझर म्हणाले "ताणा संपलाय, बीम लावायचाय", खाली उमटलं की केळी संपली. वरच्या ऑफिसातून एक जण गंभीरपणे विचारतो, कँटीनचा विषय वेगळा घेऊ या का.

सातरस्ता (मंगळवार, रात्री ९:३८)

खपलो. दिल्लीच्या साहेबांनी आमची मीटिंग बरोब्बर गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) अक्षतेच्या दिवशी ठेवली होती एकदा. सुट्टी नाही म्हणाले. मग काय, खिडकी उघडी, खालून नंदीध्वजाच्या काठ्या निघालेल्या आणि "हर्र बोला हर्र". साहेब म्हणाले आवाज म्यूट करा. म्हटलं साहेब, माइक म्यूट होईल, सोलापूर कसं करू.

बाळीवेस (बुधवार, सकाळी ११:१०)

कुणी सुरक्षेबद्दल बोललंच नाही. एप्रिल २०२० मध्ये गृहमंत्रालयानंच सूचना काढली होती की झूम सुरक्षित नाही, सरकारी कामाला वापरू नका. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये तेव्हा दोन अनोळखी पोरं घुसली होती आणि गाणी लावून गेली. कंपनीचे रेट तिथं बोलू नका.

वायरवाला (बुधवार, सकाळी ११:४०)

सूचना खरी आहे, पण तेव्हापासून पुलाखालून पाणी गेलंय. त्याच महिन्यात झूमवाल्यांनी पासवर्ड आणि वेटिंग रूम आपोआप चालू करून ठेवली, ऑक्टोबर २०२० पासून दोन टोकांमधलं पूर्ण एन्क्रिप्शन पण आलं, ते मात्र स्वतः चालू करावं लागतं. तुमच्या सोसायटीत पोरं घुसली कारण लिंक कुणीतरी चार ग्रुपांत फॉरवर्ड केली असणार. दार उघडं ठेवायचं आणि कुलूपवाल्याला शिव्या. वेटिंग रूम चालू ठेवा, नाव बघून आत घ्या.

रेटचं मात्र बरोबर, ते जमलं तर फोनवर.

गिरणगावची_नात (बुधवार, दुपारी ३:००)

मला कळत नाही, व्हॉट्सॲपमध्ये वाईट काय आहे? ३२ जणांचा व्हिडिओ कॉल त्यात होतो, सगळ्यांना वापरता येतो, जॉबरच्या बायकोला पण येतो, फुकट. माझ्या भावाच्या कारखान्यात असंच एक मोठं सॉफ्टवेअर आणलं. सहा महिन्यांनी काय झालं, ऑफिसची माणसं त्यात एकमेकांना "गुड मॉर्निंग" टाकतात आणि खरं काम व्हॉट्सॲपवर. वर्षाचे पैसे भरून झाले होते.

शेंगाचटणी (बुधवार, दुपारी ३:२५)

वाईट हे की सुट्टी नाही. रात्री साडेअकराला त्याच फोनवर नणंदेचा फोटो, मग साहेबांचा व्हॉइस मेसेज, मग चुलतभावाच्या मुंजीची पत्रिका. कामाचं वेगळं ॲप असलं की ते सात वाजता बंद करता येतं. मी करते. दुसरं, माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्या फोनमधले तुमचे सगळे रेट, बायरचे नंबर, डिझाइन त्याच्याबरोबर जातात. ऑफिसचं खातं असेल तर बंद करता येतं.

आणि तिसरं मीटिंगबद्दल. आमच्याकडं एक नियम चांगला केलाय, ज्यानं मीटिंग बोलावली त्यानं आधी चार ओळी लिहायच्या की कशासाठी. चार ओळी लिहायला बसलं की अर्ध्या वेळा तिथंच उत्तर सापडतं आणि मीटिंग होतच नाही.

रंगारी (बुधवार, रात्री ८:१०)

शेंगाचटणी ताई, हेच मी म्हणत होतो. बोललेलं वाऱ्यावर जातं. आमच्या बाईंनी "बी पास" एवढे दोन शब्द लिहिले असते तर पत्ता तरी लागला असता.

ताणाबाणा (तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११:००)

मंडळी, उशीर झाला, माफी. एक शिपमेंट होतं.

काय केलं ते सांगतो. वायरवाल्यांचं ऐकून आधी ईमेल बघितला. गूगलचाच निघाला, पैसे भरून, तीन वर्षांपासून! म्हणजे मीट २४ तासांपर्यंत चालतं आणि आम्ही ४० मिनिटांच्या झूमवर उड्या मारत होतो. मालकांना सांगितलं की फुकट आहे, तर त्यांचा चेहरा पडला. प्रदर्शनात बघितलेलं महागाचं काहीतरी पाहिजे होतं त्यांना. रेकॉर्डिंगला वरचा प्लॅन लागतो म्हटल्यावर जरा बरं वाटलं, पण तो घेतला नाही.

ऑफिसचे ९, मुंबईच्या मॅडम आणि एजंट असे ११ जण आता चॅटवर. प्रत्येक ऑर्डरला एक जागा, पीओ नंबर (बायरच्या खरेदी ऑर्डरचा नंबर) हेच तिचं नाव. त्या ऑर्डरचं जे काही असेल ते तिथंच लिहायचं. पहिला आठवडा लोकांनी सगळ्या ऑर्डरींचं बोलणं एकाच ठिकाणी घातलं, मी बसून वेगळं केलं, दुसऱ्या आठवड्यात मॅडम स्वतःच ओरडायला लागल्या की हे इथं का टाकलं.

शेडच्या सहा जणांना आणि डाइंग मास्टरना व्हॉट्सॲपच ठेवलं. गिरणगावची नात म्हणतात तसं, त्यांना जे येतं ते येतं. पण ग्रुप ११ चे दोन केले, एक शेडचा, एक डाइंगचा. बाकीचे बंद करताना तिघं रुसले, एक ग्रुप तर माझ्या लक्षात आलं की मालकांनी स्वतःच्या वाढदिवसाला काढला होता आणि त्यातच चार महिने सूत खरेदी चालू होती.

सकाळची मीटिंग १५ मिनिटांवर आणली. शेडमधून नाही, बाहेर पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून, एकाच फोनवर. शिट्टी बंद. कॅमेरा फक्त त्या एका फोनचा, आणि तोपण लूमचा फॉल्ट दाखवायचा असेल तरच. मॅडमना जॉबरचं तेलुगू कळत नाही म्हणून आमचा सुपरवायझर मध्ये उभा राहून मराठीत सांगतो, हे कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही. त्याला हेडसेट घेतला, दांडीवाला. तो आता दिवसभर काढतच नाही, जेवताना पण गळ्यात.

रंगाची शेड पास फक्त हातात तुकडा आल्यावर, टीसीएक्स नंबर आणि तारीख लिहून. मॅडमनी कुरकुर केली दोन दिवस जातात म्हणून, तर मी त्यांना रंगारींची पोस्ट वाचून दाखवली, नाव गाव न सांगता. एकदम गप्प झाल्या. नंतर म्हणाल्या, ते हिरवे टॉवेल का?

होटगीरोडकर (रविवार, सकाळी ११:२०)

म्हणजे??

कडकभाकरी (रविवार, सकाळी ११:२१)

थांबा थांबा. मॅडम त्याच???

ताणाबाणा (रविवार, सकाळी ११:४०)

मी विचारलं नाही. नोकरी करायचीय मला.

मालकांचं विचाराल तर ते अजून व्हॉट्सॲपवर चार-चार मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवतात, मी ते ऐकून चॅटवर लिहितो. परवा एकात म्हणाले की नवीन सॉफ्टवेअर फार चांगलं आहे, असं सगळ्या ग्रुपांत टाक.

वायरवाला (रविवार, दुपारी १२:०५)

माझी फी गेली, पण बरं वाटलं. एक करा, ऑफिसातलं कुणी सोडून गेलं तर खातं त्याच दिवशी बंद करा, पुढच्या महिन्यात करू म्हणू नका.

भजनी (रविवार, दुपारी १:३०)

ओरिजिनल साउंड लागला. टाळ खणखणीत. ठाण्याच्या काकांना म्यूट केलंय, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

चहाटळ (रविवार, दुपारी २:१५)

हे सगळं ठीक आहे, माझ्या टॉवेलचं काय झालं?

रंगारी (रविवार, रात्री ८:४०)

चार डझन शिल्लक आहेत. फोटो पाठवत नाही, येऊन बघा.